चौसष्ट कारकून, चार खिडक्या

खरेदी पैशाने होते असे ज्यांना वाटते, त्यांनी घरातल्या चार माणसांना बरोबर नेऊन कधी शालू घेतलेला नसावा. पैशाची पाळी सर्वांत शेवटी येते. आधी मते येतात, मग आठवणी, मग शेजाऱ्यांनी घेतलेल्या वस्तूचे गुणदोष. आणि एवढ्यातून वस्तू शिल्लक राहिली तरच पाकीट उघडते. माझी आई नाशिकच्या भांडीबाजारात तांब्याचे दोन बंब शेजारी शेजारी ठेवून बोटाच्या पेराने वाजवून बघे. दुकानदार कितीही घायकुतीला आला तरी तिसऱ्यांदा वाजवल्याशिवाय ती भाव विचारीत नसे.

२०२४ च्या आषाढात आमच्या गंगापूर रोडवरच्या घरात ज्या दोन वस्तूंची तुलना सुरू झाली, त्या मात्र वाजवून बघण्याजोग्या नव्हत्या. दोन्ही तळहातावर मावतील एवढ्या, वरून धातूचे झाकण, खाली बारीक सोनेरी ठिपक्यांची रांगोळी. दोन्ही संगणकाचे प्रोसेसर, दोन्ही एएमडी या एकाच अमेरिकन कंपनीचे. एकाचे नाव थ्रेडरिपर ७९८०एक्स, दुसऱ्याचे एपिक ९३५४. पहिले नाव ऐकून शिंप्याचे दुकान आठवावे आणि दुसरे ऐकून महाभारत! पहिल्याची अमेरिकेतली जाहीर किंमत ४,९९९ डॉलर, दुसऱ्याची ३,४२०. डॉलर तेव्हा ८३ रुपयांच्या वर होता. म्हणजे पहिला चार लाखांच्या पुढे, दुसरा तीन लाखांच्या जरा आत, आणि वर कर वेगळा. आमच्या सौ.नी दोन्ही आकडे शांतपणे ऐकले आणि "यात घडणावळ धरली आहे का?" एवढेच विचारले.

हा घाट घातला होता सूनबाईने. ती यांत्रिकी शाखेची अभियंता. माडीवरच्या खोलीत बसून ती हवेचे हिशेब करते. हे मी प्रथम लोकांना सांगे तेव्हा लोक माझ्याकडे सहानुभूतीने बघत. म्हणून थोडे खुलाशाने सांगतो. द्राक्षे वेलीवरून उतरली की त्यांच्या अंगात शेतातली ऊन असते. ती आधी झपाट्याने काढावी लागते आणि मग शून्य अंशाच्या आसपास, भरपूर दमट हवेत माल ठेवावा लागतो. पेट्यांच्या थप्प्यांमधून गार हवा सारखी फिरली पाहिजे. कमी फिरली तर आतला घड गरम राहतो. जास्त फिरली तर देठ सुकून तपकिरी होतात, आणि परदेशातला गिऱ्हाईक मण्याआधी देठ बघतो. शीतगृह बांधण्यापूर्वीच त्यातली हवा कुठे पोचेल आणि कुठे घुटमळेल हे संगणकावर काढता येते. त्यासाठी खोलीतल्या हवेचे कोटी-दोन कोटी लहान तुकडे कल्पायचे आणि प्रत्येक तुकडा शेजाऱ्याला काय देतो, त्याच्याकडून काय घेतो, याचे गणित हजारो वेळा करायचे. यासाठी ती ओपनफोम नावाची प्रणाली वापरते. ती फुकट मिळते. तसल्याच कामाच्या विकतच्या प्रणाल्यांना बहुधा दर कोअरमागे परवान्याचे पैसे मोजावे लागतात.

निफाड तालुक्यातल्या काही बागाईतदारांनी मिळून नवे शीतगृह बांधायचे ठरवले आणि हे काम तिच्याकडे आले. त्याला कारणही तसेच घडले होते. २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले, आणि युरोपला जाणारी बरीच जहाजे सुएझ सोडून आफ्रिकेला वळसा घालू लागली. न्हावाशेव्याहून निघालेल्या द्राक्षांचा प्रवास त्यामुळे दोनेक आठवड्यांनी लांबला. कोपऱ्यातल्या पेट्या जरा गरम राहिल्या तर एरवी खपून गेले असते. आता त्या कोपऱ्याचा हिशेब थेट रॉटरडॅमच्या धक्क्यावर होऊ लागला. दसऱ्याच्या आत नकाशा पक्का हवा होता, कारण जानेवारीत माल येणार. आणि सूनबाईचा जुना संगणक एका नकाशाचे गणित करायला तीन-तीन दिवस घेई. मध्ये वीज गेली, की चौथा दिवस.

पैशासाठी ती बँकेत जाणार होती. मी म्हटले, "अगं, छत्तीस वर्षे मी दुसऱ्यांना कर्जे मंजूर केली. घरातले एक प्रकरण मला करू दे." तिने माझी मुदतठेव घ्यायला साफ नकार दिला. शेवटी ठेवीला जे व्याज मिळत होते तेच द्यायचे, चोवीस हप्त्यांत फेडायचे आणि तसा कागद करायचा, या अटीवर ती कबूल झाली. कागद तिनेच लिहिला. मी सही करायला गेलो तर म्हणाली, "बाबा, आधी वाचा."

आता प्रश्न राहिला कोणता घ्यायचा हा. चिरंजीव थ्रेडरिपरच्या बाजूचे. त्याचे म्हणणे सोपे होते आणि ऐकायला गोडही. कोअर म्हणजे प्रोसेसरातला गणित करणारा एकेक विभाग. थ्रेडरिपरला ते ६४, एपिकला ३२. वेगाचा कळस पहिल्याचा ५.१ गिगाहर्ट्झ, दुसऱ्याचा ३.८. पहिला २०२३ च्या नोव्हेंबरातला, दुसरा त्याच्या एक वर्ष आधीचा. "दुप्पट माणसे, जास्त चपळ, आणि ताजी भरती. यात विचार कसला करायचा?"

सूनबाईने उत्तर दिले नाही. एका जुन्या लग्नपत्रिकेच्या पाठीवर तिने गुणाकार मांडला आणि पत्रिका माझ्यापुढे सरकवली. तो गुणाकार मला पटकन समजला, याचे श्रेय गणिताला नाही, आमच्या बँकेच्या दप्तरखान्याला आहे.

संगणक येण्यापूर्वी आमच्या शाखेत व्याज लावायचे दिवस आले की सगळे कारकून एकाच वेळी खतावण्या मागत. खतावण्या दप्तरखान्यात, आणि दप्तरखान्याला खिडकी एक. शिपाई एकेक जाडजूड वही आणून टेबलावर आदळे. बेरीज करायला कारकुनाला दोन मिनिटे लागत आणि वही मिळायला वीस. एका साहेबांनी काम उरकावे म्हणून दुसऱ्या शाखेतून आणखी सहा कारकून मागवले. त्यांनी चहा प्यायला, आमची चौकशी केली आणि तेही खिडकीशी उभे राहिले.

हवेच्या गणिताची जातही हीच. प्रत्येक तुकड्यावरचे गणित चिमूटभर, पण त्यासाठी शेजारच्या तुकड्यांचे आकडे मेमरीतून आणायचे ढीगभर. मेमरी आणि प्रोसेसर यांच्यामधल्या वाटेला चॅनेल म्हणतात. मी खिडकी म्हणतो. ७९८०एक्सला खिडक्या ४, एपिक ९३५४ ला १२. पहिल्याच्या एका खिडकीतून सेकंदाला ४१.६ गिगाबाइट मजकूर जाऊ शकतो. चार खिडक्यांतून १६६.४. दुसऱ्याच्या खिडक्या किंचित अरुंद, ३८.४ च्या, पण बारा मिळून ४६०.८. आता वाटणी करा. चौसष्ट कारकुनांत एकेकाला २.६, आणि बत्तिसांत एकेकाला १४.४! टेबलाच्या खणात जवळ ठेवायची जागा, म्हणजे कॅशे मेमरी, दोघांची २५६ मेगाबाइटच; तीही बत्तिसांत वाटली की माणशी दुप्पट पडते.

चिरंजीव आकडे बघून क्षणभर गप्प झाला आणि मग म्हणाला, "हे कागदावर." तो बोलला ते खरेच होते. वीज पहिल्याला ३५० वॉट आणि दुसऱ्याला २८०, हाही कागदच. आणि खिडक्यांचाच मुद्दा असेल तर इंटेलचे झिऑन का नको, असा फाटाही त्याने फोडला. त्या पावसाळ्यात बाजारात असलेल्या झिऑनांना जास्तीत जास्त आठच खिडक्या होत्या, एवढ्यावर तो फाटा मिटला. पण त्याचे इंटेलवरचे प्रेम जुने, पेन्टियमपासूनचे. मी त्याला सांगितले, की पेन्टियमचे जनक म्हणून ज्यांचे नाव घेतात ते विनोद धाम जन्मले आपल्या पुण्यात, आणि इंटेल सोडल्यावर ते ज्या नेक्सजेन कंपनीत गेले ती १९९६ साली एएमडीनेच विकत घेतली. या दोन कंपन्यांचे नाते भाऊबंदकीचे आहे. एएमडीने प्रारंभी इंटेलच्याच आराखड्याचे प्रोसेसर करारावर बनवले. पुढे कोर्टकचेऱ्या झाल्या. आणि २००३ साली एएमडीने काढलेली ६४ बिटांची भाषा पुढल्याच वर्षी इंटेलने उचलली. आज एकीच्या प्रोसेसरावर चालणारी प्रणाली दुसरीच्यावरही चालते ती या सामाईक भिंतीमुळे.

घोटीच्या बाजारात माझे वडील बैल घ्यायला जात तेव्हाची एक गोष्ट मला या वादात आठवली. आमचा भाग इगतपुरीकडचा, भाताचा. खिल्लारी बैल उंच, पांढराशुभ्र, चालीला घोड्यासारखा. बघताच नजरेत भरणारा. डांगी ठेंगणा, काळापांढरा, मंद. पण डांगीच्या कातडीला तेलकट ओल असते आणि चार महिने कोसळणाऱ्या पावसात, गुडघाभर चिखलात तो टिकतो. वडील खिल्लारीचे तोंडभर कौतुक करीत आणि दावे डांगीचे धरीत. तरीही दात मोजून, शेपूट पिळून त्यांचे समाधान होत नसे. जोखड मानेवर ठेवून दहा पावले चालवल्याशिवाय पैसे दिले जात नसत.

सूनबाईनेही तेच केले. मुंबईच्या एका विक्रेत्याकडे दोन्ही जातींची यंत्रे उभी होती. त्याला गळ घालून तिने दोन रात्री दुरून ती वापरायला मागितल्या आणि शीतगृहाचा एक लहान केलेला नकाशा दोन्हींवर चालवला. थ्रेडरिपरवर आठाचे सोळा कारकून केले तेव्हा वेळ भराभर उतरला, सोळाचे बत्तीस केले तेव्हा थोडासा, आणि बत्तिसाचे चौसष्ट केले तेव्हा जवळजवळ नाहीच. जास्तीचे बत्तीस खिडकीशी उभे होते. एपिकवर बत्तिसाव्या कारकुनापर्यंत वेळ उतरत राहिला आणि तेच गणित जवळपास निम्म्या वेळात संपले. हवेचे तुकडे पाडण्याचे आधीचे काम मात्र बरेचसे एका वेळी एकाच कोअरवर चालते. तिथे थ्रेडरिपरने बाजी मारली. तिने तेही प्रामाणिकपणे पत्रिकेवर लिहिले. चिरंजीवाच्या चित्रफितींच्या कामालाही थ्रेडरिपरच बरा पडला असता, यात मला शंका नाही. पण हप्ते चित्रफिती भरणार नव्हत्या.

पुण्याला पाषाणला उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत याच जातीचे गणित अवघ्या देशाच्या आकाशावर चालते. २०१८ साली तिथे बसवलेल्या 'प्रत्युष' महासंगणकात इंटेलचे झिऑन होते. २०२४ च्या सप्टेंबरात 'अर्क' आला, ११.७७ पेटाफ्लॉप्स ताकदीचा, त्यात एएमडीचे एपिक आहेत. ही बातमी वाचून सौ.नी सूनबाईला "म्हणजे सरकारनेही तुझेच ऐकले," असे सांगितले, तेव्हा आमचे यंत्र घरात येऊन तीन आठवडे झाले होते.

ते येण्यापूर्वी आणखी एक चकमक उडाली. विक्रेत्याने अंदाजपत्रकात मेमरीच्या मोठ्या मोठ्या चारच पट्ट्या धरल्या होत्या. एकूण मेमरी तेवढीच, आणि "पुढे वाढवायला जागा राहील," हे त्याचे आपुलकीचे बोलणे. सूनबाईने ते पत्रक परत पाठवले. प्रत्येक चॅनेलला स्वतःची पट्टी लागते. पट्टी नसेल ती खिडकी बंद. बारा खिडक्यांचा वाडा घ्यायचा आणि आठांना फळ्या ठोकायच्या! तिने लहान बारा पट्ट्या मागितल्या आणि त्या बाराही बसलेल्या डोळ्यांनी बघितल्या. ही एक गोष्ट त्या विक्रेत्याने आपण होऊन सांगायला हवी होती असे मला अजून वाटते. गिऱ्हाईक विचारील तेवढेच सांगायचे हा धंद्याचा रिवाज असेलही. भांडीबाजारातला तांबट मात्र डाग दिलेली जागा बोटाने दाखवी.

यंत्र आले आणि पहिल्या रात्री घर झोपले नाही. सर्व्हरच्या जातीची ती वस्तू. माणसाच्या शेजारी बसण्याचे संस्कार तिच्यावर नाहीत. कळ दाबल्यावर जागे व्हायला काही मिनिटे घेते, आणि जागी झाली की पंखे पिठाच्या गिरणीसारखे घुमतात. शेजारच्या काकूंनी "डाळ दळून द्याल का?" असे विचारले, ते थट्टेने की खरोखरच, ते अजून कळलेले नाही. तिसऱ्या दिवशी जिन्याखालच्या अडगळीला खिडकी पाडून यंत्र तिथे गेले, आणि वीज जाण्याच्या भीतीने त्याच्या उशाशी बॅटरीचे एक धूड.

दसऱ्यापर्यंत तिने शीतगृहाचे सतरा नकाशे चालवले. त्यात दिसले की गरम कोपऱ्याचा दोष पंख्यांत नव्हताच. दाराच्या अंगाच्या थप्प्या भिंतीला फार खेटून लागत होत्या आणि हवेला परतीची वाट उरत नव्हती. वीतभर जागा सोडून जमिनीवर पिवळा पट्टा आखायचा ठरले. पट्टा आखण्याचा खर्च काय आला असेल तो असो; ठेकेदाराने सुचवलेले जादा दोन पंखे मात्र रद्द झाले. फेब्रुवारीत ती स्वतः तिथे जाऊन त्या कोपऱ्यात तापमापक ठेवून आली. संध्याकाळी घरी परतली तेव्हा तिने आकडा काही सांगितला नाही, नुसती दोन किलो द्राक्षे सौ.च्या हातात दिली आणि वर निघून गेली. जेवताना विचारले तेव्हा म्हणाली, "कोपरा आणि मधली थप्पी, अर्ध्या अंशाचा फरक."

मध्यंतरी, २०२४ च्या ऑक्टोबरातच, एपिकची नवी पिढी बाजारात आली. त्याच बैठकीत बसणारी, खिडक्या बाराच पण जास्त रुंद. चिरंजीवाने ती बातमी मोठ्या उत्साहाने आणली. तिने ती नीट वाचली, पत्रिकेच्या उरलेल्या जागेत एक गुणाकार केला आणि कागद कपाटात ठेवून दिला, कर्जाच्या कागदाखाली. दर महिन्याच्या पाच तारखेला माझ्या खात्यात हप्ता येतो. एकदा पाच तारखेला रविवार आला, तर तो चारलाच आला.