सापाचा उपास

नव्याने पिंजऱ्यात आलेला साप बहुधा काही खात नाही. ते आजाराचे लक्षण असेलच असे नाही, आणि हट्ट तर मुळीच नसतो. पकडला गेलेला, पिशवीत कोंबून आणलेला, अनोळखी वासांत येऊन पडलेला प्राणी आधी लपायला जागा शोधतो. खाण्याचा विचार त्यानंतरचा. सांभाळणाऱ्याला मात्र पिंजऱ्यात तसाच पडलेला उंदीर पाहून चैन पडत नाही, आणि सापाचे निम्मे हाल या काळजीपोटीच होतात.

नागपुरात देशी साप हौसेखातर घरात ठेवणे बेकायदेशीर आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने देशी सापांना संरक्षण दिले आहे. अजगर तर पहिल्या अनुसूचीत येतो आणि तिथे शिक्षा तीन ते सात वर्षांच्या कैदेची आहे. बॉल पायथनसारख्या परदेशी जाती शहरांत पाळल्या जातात, पण त्यांचीही सरकारदरबारी नोंद करावी लागते. त्यामुळे इथे ‘नवा साप’ म्हणजे बहुतेक वेळा सुटका केलेला साप. सर्पमित्राने पकडलेला साप धडधाकट असला, तर त्याला योग्य जागी लगेच सोडायचे असते. मुक्काम पडतो तो जखमींचा: जेसीबीचा दात लागलेली धामण, कुंपणाच्या नायलॉन जाळीत गुंतलेला नाग, उंदरांसाठी ठेवलेल्या चिकट पुठ्ठ्यावर अडकलेला कवड्या. अशांवर सेमिनरी हिल्सवरच्या वन विभागाच्या ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटरमध्ये उपचार होतात. जखम भरेपर्यंत त्यांना जगवायचे, म्हणजे खाऊ घालायचे.

पहिला आठवडा खरे तर काहीच करायचे नसते. अंग चिकटून बसेल असा अंधारा खोका, बुडून बसता येईल एवढे पाण्याचे पसरट भांडे आणि समोरून ये-जा नाही, एवढे पुरे. मोठ्या, मोकळ्या पिंजऱ्यात साप अधिकच बिथरतो. अडचणीची जागा त्याला सुरक्षित वाटते. उचलून पाहणे, फोटो काढणे, पाहुण्यांना दाखवणे हे सगळे त्याच्या उपासात भर घालते.

मग तापमान. साप शरीराची ऊब स्वतः तयार करत नाही, बाहेरून घेतो, आणि पचनही त्या उबेवरच चालते. साधारण २८ ते ३२ अंशांत ते नीट होते. नागपूरच्या जानेवारीत रात्रीचा पारा दहाच्या खाली जातो. तेव्हा खाल्लेला उंदीर पोटात कुजतो आणि साप तो ओकून टाकतो. उलट मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकलेला असताना पत्र्याच्या खोलीतला पिंजरा म्हणजे भट्टीच. तिथे भुकेची चिंता करण्याआधी कूलरची करावी. पिंजऱ्याचे एक टोक उबदार आणि दुसरे थंड ठेवले की कुठे बसायचे ते साप स्वतः ठरवतो. हिवाळ्यात, कात टाकण्याआधी डोळ्यांवर दुधी झाक आली असताना सापाने, किंवा अंड्यांभोवती वेटोळे घालून बसलेल्या अजगराच्या मादीने खाल्ले नाही, तर त्यात नवल काही नाही.

एवढे करूनही साप खात नसेल, तर समोर ठेवलेले त्याचे अन्न आहे का, हे पाहावे. धामण, घोणस, अजगर उंदरावर खूश असतात. पाणदिवडाला मासा-बेडूक हवा. कवड्या पालींवर जगतो. मण्यार पुष्कळदा दुसरे सापच खाते, आणि तेही रात्री. हरणटोळ तर पिंजऱ्यात नावाजलेला उपाशी. हलता सरडा दिसल्याशिवाय तो मान वळवत नाही. इतरांच्या बाबतीत वासाची युक्ती चालते. मेलेल्या उंदराला भेकाच्या अंगावर घासून ठेवले, की उंदराकडे ढुंकून न पाहणारा नागही कधीकधी जवळ येतो. अजगराच्या ओठांवर उष्णता ओळखणाऱ्या खाचा असतात, म्हणून त्याच्यासाठी भक्ष्य कोमट पाण्यात धरून उबदार करावे आणि लांब चिमट्याने तिन्हीसांजेला पुढे करावे. आधी जीभ भरभर लवलवते, मग हळू पडते. मानेचा इंग्रजी एससारखा बाक घट्ट होतो. त्या क्षणी चिमटा धरलेल्या हाताने स्थिर राहायचे, बस. जिवंत उंदीर रात्रभर आत ठेवणे मात्र धोक्याचे. न खाणाऱ्या सापाची पाठ उंदीरच कुरतडतो.

सापाला घाई नसते. २००७ मध्ये अमेरिकेतील मार्शल मॅकक्यू यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तीन जातींच्या सापांना सुमारे सहा महिने अन्न दिले नव्हते. त्यांनी शरीराचा ऊर्जाखर्च कमाल ७२ टक्क्यांनी कमी केला, आणि त्या काळात ते लांबीने वाढलेही. म्हणून दिवस मोजण्यापेक्षा वजन करावे. घसरण ठळक दिसू लागली आणि पाठीचा कणा वर येऊ लागला, तरच जबरदस्तीने भरवण्याचा विचार, तोही पशुवैद्यकाच्या हातून. भरवण्याची नळी चुकून श्वासनलिकेत गेली की न्यूमोनिया ठरलेला. नागपंचमीचे दूध हा जबरदस्तीने भरवण्याचाच एक सार्वजनिक प्रकार. गारुडी नागाला दिवसेंदिवस पाण्यावाचून ठेवतो, मग तहानेने व्याकूळ झालेला नाग समोर येईल ते पितो, आणि बघ्यांना वाटते नाग दूध प्यायला. ते दूध त्याला पचत नाही. अनेकदा फुप्फुसात जाते.

पहिला घास लहान असावा. ब्रह्मी अजगराचे हृदय मोठ्या जेवणानंतर दोन दिवसांत सुमारे ४० टक्क्यांनी वाढते, असे दिसून आले आहे. आतडी आणि यकृतही फुगतात. उपाशी शरीराला एवढा पसारा एकदम मांडायला लावू नये. खाल्ल्यावर दोन दिवस हात लावायचा नाही. ओकलाच, तर पुढचे भक्ष्य दोन आठवड्यांनी आणि आणखी लहान. लागोपाठ काही वेळा खाऊन विष्ठा नेहमीसारखी आली, म्हणजे गाडी रुळावर आली असे समजावे. सोडायचे ते पोट हलके असताना, कारण भरल्या पोटाने त्याला पळता येत नाही. आणि डिसेंबरात बऱ्या झालेल्या सापाला फेब्रुवारीचे ऊन पडेपर्यंत ठेवून घेतलेले बरे.