अंदमानची सहल : मुक्कामाची जागा कशी निवडाल?

वर्धा जिल्ह्यातल्या माणसाला नदी माहीत आहे, धरण माहीत आहे, समुद्र माहीत नाही. पवनारची धाम, पुलगावची वर्धा, सेलू तालुक्यातले बोर धरण, एवढेच आपले पाणी. मुंबई रेल्वेने साडेसातशे किलोमीटरच्या वर. आपल्यापैकी अनेकांनी समुद्र पहिल्यांदा पाहिला तो ६ डिसेंबरला, चैत्यभूमीला लागून, दादरच्या चौपाटीवर. तो समुद्र आपण अभिवादनाच्या रांगेतून पाहतो आणि त्याच रात्रीच्या गाडीने परततो. समुद्राच्या काठी चार दिवस निवांत राहणे ही गोष्ट आपल्या घरांत कालपरवापर्यंत कोणाच्या डोक्यातही येत नव्हती.

आता दिवस थोडे पालटले आहेत. पुलगावच्या दारूगोळा डेपोत, रेल्वेत, पोस्टात आपली माणसे नोकरीला आहेत. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांना एलटीसी म्हणजे प्रवास सवलत मिळते, आणि तिच्या आधारे वस्तीतली काही कुटुंबे अंदमानला जाऊन येऊ लागली आहेत. जाण्याआधी प्रत्येक घरात एकच प्रश्न पडतो. तिथे समुद्रकाठी हॉटेले पुष्कळ, सगळ्यांचे फोटो सुंदर, मग उतरायचे कुठे? आमच्या घरातही या प्रश्नावर आठ दिवस खल झाला. त्यातून जे समजले ते वाचक बंधू-भगिनींच्या उपयोगी पडावे म्हणून हा लेख.

प्रथम पैशाचे बोलू. एलटीसीत सरकार देते ते केवळ प्रवासभाडे. हॉटेल, जेवण, बेटावरचे फिरणे हा सगळा खर्च आपल्या खिशातून. ज्यांना एरवी विमानाचा हक्क नाही त्यांनाही कोलकाता, चेन्नई किंवा विशाखापट्टणमहून अंदमानपर्यंत विमानाने साध्या वर्गातून जाता येते. तिथपर्यंत मात्र आपल्या हक्काच्या वर्गाने रेल्वेनेच जायचे. २०२४ मध्ये ही सूट दोन वर्षांसाठी, म्हणजे २५ सप्टेंबर २०२६ पर्यंत, वाढवण्यात आली. तेव्हा निघण्यापूर्वी कार्यालयात ताजा आदेश पाहून घ्यावा. मूळ गावाची सवलत अंदमानसाठी बदलून घेता येते, पण ज्याचे मूळ गाव आणि नोकरीचे गाव एकच आहे त्याला हा बदल मिळत नाही. पुलगावातच जन्मलेल्या आणि पुलगावातच नोकरी करणाऱ्या माणसाने हे आधीच ध्यानात ठेवावे. विमानाचे तिकीट सरकारने ठरवून दिलेल्या तीन अधिकृत एजन्सींपैकी एकीकडूनच काढावे लागते.

इथेच एक सावधगिरीची सूचना. आमच्याकडे एक एजंट आला होता. म्हणाला, तिकीट माझ्याकडून घ्या, समुद्रकाठच्या रिसॉर्टमध्ये चार रात्री फुकट. फुकट काही नसते. तिकिटाची रक्कम फुगवून लावायची आणि त्यातून हॉटेलचे पैसे भागवायचे, असा हा डाव असतो. बिलावर सही आपली असते. खोट्या बिलांबद्दल शिस्तभंगाची कारवाई होते, आणि अशा प्रकरणांत सीबीआयने गुन्हेही नोंदवले आहेत. एका पिढीने हमाली करून दुसऱ्या पिढीला नोकरीपर्यंत पोहोचवले. ती नोकरी चार रात्रींच्या गादीसाठी पणाला लावू नये. खोली साधी घ्या, पण आपल्या पैशाने घ्या.

आता जागेकडे वळू. सेवाग्राम स्टेशनवरून चेन्नईच्या गाड्या मिळतात. चेन्नईहून विमान दोन-सव्वादोन तासांत पोर्ट ब्लेअरला उतरते. सप्टेंबर २०२४ पासून या शहराचे नाव श्री विजयपुरम झाले आहे. पुढे बोटीने जायची दोन बेटे प्रसिद्ध आहेत, हॅवलॉक आणि नील. २०१८ च्या डिसेंबरात त्यांना स्वराज द्वीप आणि शहीद द्वीप ही नावे मिळाली, पण लोकांच्या तोंडी जुनी नावेच आहेत, म्हणून इथे तीच वापरतो. हॅवलॉकला सरकारी बोटीने अडीच तास लागतात, खाजगी वेगवान बोटीने दीड तास. खाजगीचे भाडे अर्थातच जास्त.

हॅवलॉकवर बहुतेक हॉटेले पूर्वेच्या किनाऱ्याला आहेत, गोविंदनगर आणि विजयनगर या गावांच्या बाजूला. पश्चिमेला राधानगर. २००४ मध्ये ‘टाइम’ मासिकाने या किनाऱ्याला आशियातला उत्तम किनारा म्हटले, तेव्हापासून त्याचे नाव झाले. तिथे हॉटेले थोडी आणि महाग. पूर्वेला सूर्योदय दिसतो, पश्चिमेला सूर्यास्त. पण कुटुंबाच्या दृष्टीने याहून महत्त्वाचा फरक पाण्याचा आहे, आणि तो फोटोत दिसत नाही.

समुद्राला भरती-ओहोटी असते हे आपण शाळेत शिकलो. तिचा अर्थ तिथे गेल्यावर कळतो. साधारण सहा तास पाणी चढते, सहा तास उतरते, आणि ही वेळ रोज पाऊण तासाहून थोडी पुढे सरकते. पौर्णिमा आणि अमावास्येच्या सुमारास पाणी जास्त चढते आणि जास्त उतरते. पूर्वेचा किनारा उथळ आहे. ओहोटीला पाणी दूर जाते आणि मागे उरतो खडक, मेलेले प्रवाळ आणि चिखल. त्यावरून अनवाणी चालता येत नाही, पोहणे तर दूरच. हॉटेलच्या फोटोतले निळे पाणी भरतीच्या वेळचे असते. राधानगरला वाळू मऊ आणि लांबवर पसरलेली आहे, ओहोटीतही पाण्यात उतरता येते. तिथे आत जाताच खोली वाढते आणि लाटाही जोरकस असतात, म्हणून जीवरक्षक ज्या भागात उतरू देतात तिथेच उतरावे. पौर्णिमांच्या तारखा आपल्या घरांत पाठ असतात. त्या पाहून कोणत्या दिवशी पाणी किती उतरणार याचा अंदाज बांधता येतो.

आमच्यापुढे दोन पर्याय होते. एक, विजयनगरच्या काठावरचे मोठे रिसॉर्ट. खिडकीतून समुद्र, अंगणात पोहण्याचा तलाव, सकाळचा नाश्ता भाड्यात. दुसरा, गोविंदनगरचे एका बंगाली कुटुंबाचे साधे लॉज. चार खोल्या, मागे नारळ-सुपारीची बाग, समुद्र दहा मिनिटांच्या चालीवर. रिसॉर्टच्या एका रात्रीच्या भाड्यात लॉजच्या चार रात्री निघत होत्या. शिवाय करातही फरक पडतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून रोजचे भाडे ७५०० रुपयांपर्यंत असेल तर खोलीवर जीएसटी ५ टक्के, त्यावर गेले की १८ टक्के.

मुलीची दहावीची परीक्षा नुकतीच संपली होती, तिचे मन रिसॉर्टवर होते. सौ. म्हणाली, “अहो, चार दिवस मला चूल नको, बाकी कुठेही चालेल. पण जेवणाचा दर आधी विचारून घ्या.” आईने कोपऱ्यातून ऐकत शेवटी तोंड उघडले. “बाबू, मले काचीतून समुद्र नाही पाह्याचा. मले त्याच्यात पाय बुडवाचा हाय. अन् संडास खोलीतच पाह्यजे, जिना नको.” सत्तरीच्या बाईने दोन वाक्यांत जे सांगितले त्यावरच आमचा निर्णय झाला. लॉज घेतले. वाचलेल्या पैशांत राधानगरला दोन वेळा जाता आले आणि नीलवर भरतपूर किनाऱ्याला काचेच्या तळाच्या नावेतून जिवंत प्रवाळ पाहता आले. मुलीची कुरकूर त्या नावेत संपली.

राधानगर जेट्टीपासून सुमारे बारा किलोमीटर. सरकारी बस जाते. तिथे आई गुडघाभर पाण्यात नातवाचा हात धरून तासभर उभी होती. अंदमान आपल्या बरेच पूर्वेला आहे आणि घड्याळ मात्र आपलेच. म्हणून वर्ध्यापेक्षा तिथे सूर्य जवळपास तासभर आधी मावळतो. दुपारी जेवून, झोपून, मग किनाऱ्यावर जाऊ म्हणाल तर अंधारच गाठाल.

लॉजच्या मालकीणबाईंशी बोलताना एक गोष्ट समजली, ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. ही बेटे वसवली ती फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांनी. १९४९ पासून सरकारने अशी कुटुंबे जहाजाने अंदमानात आणली, जंगल तोडून शेती करायला जमिनी दिल्या. त्यांत मोठी संख्या नमःशूद्र समाजाची होती. हे नाव आपल्याला परके नाही. १९४६ मध्ये बाबासाहेब संविधान सभेवर गेले ते मुंबईतून नव्हे, बंगालमधून, आणि त्या निवडणुकीत पुढाकार होता जोगेंद्रनाथ मंडल यांचा. मंडल हे नमःशूद्र समाजाचे. गोविंदनगर, राधानगर, विजयनगर ही गावे त्याच निर्वासितांची. मी बाबासाहेबांचे नाव घेतले तेव्हा त्या बाईंनी मंडल यांचे नाव घेतले. त्यानंतर आईला रोज सकाळी चहा खोलीत येऊ लागला. भाड्याचा पैसा कोणाच्या घरात जातो हाही हॉटेल निवडताना विचार करण्याजोगा मुद्दा आहे.

मोठे रिसॉर्ट वाईट असे माझे म्हणणे नाही. नवविवाहितांना, ज्यांना खोलीतूनच समुद्र पाहायचा आहे त्यांना एखादी रात्र तिथे काढायला हरकत नाही. ऐपत असेल तर आपल्या माणसानेही त्या गादीवर झोपावे, तो कोणाची मक्तेदारी नाही. पण लहान मुले, म्हातारी माणसे आणि मोजका पैसा असेल तर कोठेही पैसे भरण्यापूर्वी फोनवर एवढे विचारावे :

ओहोटीच्या वेळी समोरच्या पाण्यात उतरता येते का? तळमजल्यावर खोली मिळेल का? जास्तीच्या गादीचे आणि मुलांचे वेगळे पैसे किती? जेवण थाळीचे की एकेका पदार्थाचे, आणि दर काय? वीज गेल्यास जनरेटर आहे का? जेट्टीवरून नेण्या-आणण्याची सोय आहे का? आणि शेवटचा, सर्वांत महत्त्वाचा प्रश्न : हवामानामुळे बोट रद्द झाली आणि आम्ही पोहोचलो नाही, तर भरलेले पैसे परत मिळतील का? या शेवटच्या प्रश्नाला जो सरळ उत्तर देत नाही, त्याला आगाऊ रक्कम पूर्ण देऊ नये.

बोटीवरून आणखी एक. परतीच्या विमानाच्या आदल्या रात्री बेटावर राहू नये, पोर्ट ब्लेअरलाच मुक्काम करावा. वारा सुटला तर बोटी थांबतात, विमान थांबत नाही. आम्ही पहिली आणि शेवटची रात्र शहरात काढली, मधल्या तीन हॅवलॉकला आणि एक नीलला. शहरातले हॉटेल समुद्रकाठचे नसले तरी चालते. तिथून सेल्युलर जेल पाहावे आणि बोटीचा धक्का जवळ असावा, एवढे पुरे.

ऋतू पाहूनच तारीख ठरवावी. मोसमी पाऊस आपल्याकडे जूनमध्ये येतो, पण अंदमानात मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्याच्या सुमारासच पोहोचतो. म्हणजे बुद्ध पौर्णिमा झाली की तिकडचा समुद्र खवळू लागतो, आणि पूर्ण वर्षावासाचा काळ पावसाचा. दिवाळीच्या सुट्टीतही वादळाची भीती असते. नाताळात हवा बरी, पण भाडी चढलेली. परीक्षा संपल्यानंतरचा एप्रिलचा पहिला पंधरवडा आम्हाला मानवला. खोल्या मिळाल्या आणि समुद्र शांत होता.

काही किनाऱ्यांवर खाऱ्या पाण्यातल्या मगरींबद्दल सूचनेचे फलक असतात. २०१० मध्ये हॅवलॉकला मगरीने एका पर्यटक महिलेचा बळी घेतला होता. फलक असेल तिथे, अंधार पडल्यावर, आणि खाडीच्या तोंडाशी मुलांना पाण्यात सोडू नये. दुसरे, वाळूतले प्रवाळ पिशवीत टाकू नये. वन्यजीव संरक्षण कायद्याखाली त्याला बंदी आहे, विमानतळावर सामान तपासतात. कित्येक शंखांनाही तोच कायदा लागू आहे. मुलांना हे आधीच समजावून सांगावे.

ज्यांना एलटीसी नाही, जे हिंगणघाटच्या जिनिंगमध्ये राबतात किंवा मजुरीवर जगतात, त्यांच्यासाठी अंदमान दूर आहे. त्यांनी निराश होऊ नये. आपल्या कोकणात तारकर्ली आहे, गणपतीपुळे आहे. तिथे महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची निवासस्थाने आहेत आणि गावातल्या लोकांची घरगुती सोयही आहे. वर दिलेले प्रश्न तिथेही जसेच्या तसे विचारावेत. गणपतीपुळ्याचा किनारा दिसायला देखणा, पण पाण्याची ओढ फसवी आहे, तिथे अनेक माणसे बुडाली आहेत. पोहायचे असेल तर तारकर्ली बरी, आणि तिथेही गावकऱ्यांना विचारूनच.

तेव्हा बंधू-भगिनींनो, फोटो पाहून खोली घेऊ नका. घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या आणि सर्वांत लहान माणसाला पाण्यापर्यंत चालत जाता येईल का, हे आधी विचारा. येत असेल तर ती जागा चांगली, मग तिला तारे असोत वा नसोत.