तंबाखू नाही, मिश्री लावते

“तंबाखू खाता का?” या प्रश्नावर त्या गावातल्या बहुतेक बायका लगेच “नाही” म्हणत होत्या. धाराशिव जिल्ह्यातल्या एका उपकेंद्रावर कर्करोग तपासणीचं शिबिर होतं आणि नावनोंदणीला मी आशाताईंच्या शेजारी बसले होते. रांगेतल्या सत्तरीच्या आजींनीही “नाही बाई” म्हटलं. आशाताईंनी पुढचा प्रश्न विचारला, “आजी, मिश्री लावता का?”

“लावते की. सासूनं लावून दिली तवापासनं. ती लावल्याबिगर पोट साफ होत नाही.”

मिश्री म्हणजे तव्यावर काळी होईपर्यंत भाजून कुटलेली तंबाखूच. घरात ती दात घासायची पूड म्हणून नांदते, त्यामुळे तिच्याकडे व्यसन म्हणून कुणी पाहत नाही. २०१६-१७च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातले ३.८ टक्के प्रौढ विडी-सिगारेट ओढणारे निघाले, तर खाण्या-चोळण्याची तंबाखू वापरणारे २४.४ टक्के. तोंडाचा कर्करोग आपल्याकडे इतका का दिसतो, याचं मोठं कारण या दुसऱ्या आकड्यात आहे.

आजींच्या गालाच्या आत डॉक्टरांना पांढरा चट्टा दिसला. कापसानं पुसून तो जाईना. असा चट्टा म्हणजे कर्करोग नव्हे, पण काहींच्या बाबतीत पुढे तो कर्करोगात बदलतो. म्हणून मिश्री तेव्हाच सोडायची आणि तुकडा काढून तपासायचा, असं डॉक्टरांनी त्यांना बसवून समजावलं.

त्यांच्या मागचा तरुण ट्रॅक्टर चालवणारा. त्याच्या तोंडात तीन बोटं उभी मावत नव्हती. तिखट भाजी झोंबते, म्हणून तो भाकरी दुधात कुस्करून खात होता. सुपारीमुळे गालाची आतली त्वचा आखडत जाते आणि त्याच जागी कर्करोगाचा धोका वाढतो. तंबाखू नसलेली सुपारीही कर्करोगकारक आहे, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं केव्हाच जाहीर केलं आहे. राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. तरीही त्या तरुणाच्या खिशात पुड्या होत्या.

पडद्यापलीकडे बायकांची तपासणी चालली होती. गर्भाशयमुखावर सौम्य ॲसिटिक ॲसिड लावून मिनिटभर थांबायचं. पांढरा डाग उमटला तर पुढची तपासणी. या कर्करोगामागे बहुतेक वेळा एचपीव्ही हा विषाणू असतो. बहुतेकींच्या शरीरातून तो आपोआप जातो. काहींच्या शरीरात वर्षानुवर्षं टिकतो, आणि कर्करोग व्हायला त्यानंतरही बराच काळ जातो. कमी वयातली, अधिक बाळंतपणं आणि तंबाखू यांनी धोका वाढतो.

हा मधला काळ वाया घालवला नाही तर काय होतं, हे याच जिल्ह्यानं जगाला दाखवलं आहे. टाटा मेमोरियल आणि बार्शीच्या नर्गिस दत्त रुग्णालयानं १९९९ पासून इथल्या ३० ते ५९ वयाच्या सव्वा लाखाहून अधिक बायकांचा अभ्यास केला. २००९ साली निष्कर्ष आला: एचपीव्हीची चाचणी एकदाच झालेल्या गटात या कर्करोगानं होणारे मृत्यू सुमारे निम्म्यावर आले होते. त्या अभ्यासातल्या बायका अशाच गावांतल्या, अशाच शेतात राबणाऱ्या होत्या. मला याचा फार अभिमान वाटतो.

स्तनांच्या तपासणीत पन्नाशीच्या एका बाईला गाठ सापडली. ती तिला आधीपासून माहीत होती. “दुखत नव्हती, म्हणून दाखवली नाही,” ती म्हणाली. स्तनातली कर्करोगाची गाठ सुरुवातीला बहुधा दुखतच नाही. वाढतं वय, लठ्ठपणा, मद्य, उशिरा झालेलं किंवा न झालेलं बाळंतपण यांनी धोका वाढतो. आई-बहिणीला हा कर्करोग झालेला असेल तरीही तो वाढतो. पण बहुसंख्य रुग्णांच्या घराण्यात हा आजार आधी कुणाला झालेलाच नसतो. त्यामुळे “आमच्यात कुणाला नाही” या भरवशावर गाठ अंगावर काढणं फार महागात पडतं.

संध्याकाळी पुढच्या तपासणीला पाठवायच्या लोकांची यादी झाली. खरी गळती इथून सुरू होते. सोयाबीनची काढणी, एसटीचं भाडं, सोबत यायला माणूस नाही, आणि निदानाची भीती. आशाताईंनी प्रत्येक नावापुढे घरच्या एकाचा फोन नंबर लिहून घेतला, गाठ असलेल्या बाईच्या मुलाला तिथूनच फोन लावला आणि जिल्हा रुग्णालयात जायचा दिवस ठरवूनच फोन ठेवला.