संपाविना समुद्र

'संप' म्हटलं की तुम्हांला काय आठवतं? एसटीचा संप, रिक्षावाल्यांचा संप, आणि त्यामुळे शाळेला अचानक मिळालेली सुट्टी! पण खाऱ्या पाण्यातले मासे पाळणारी मंडळी 'संप' म्हणतात, तेव्हा त्यांच्या मनात भलतंच काही असतं बरं का! त्यांचा संप म्हणजे फिशटँकच्या खाली, कपाटात दडवलेली दुसरी टाकी. वरचं पाणी नळीतून खाली उतरतं, तिथे गाळलं जातं, थंडीत ऊबही घेतं आणि पंपाने पुन्हा वर चढतं. आहे की नाही झकास? पण या झकास गोष्टीला जादा टाकी लागते, जादा पंप लागतो आणि आईबाबांचं जाडजूड पाकीट लागतं!

माझी भाची आठवीत आहे. ती आणि मी हिंजवडीत एकाच सोसायटीत राहतो. तिला घरात समुद्र हवा होता. आता आमची हिंजवडी म्हणजे आयटी कंपन्यांच्या काचेच्या इमारतींचं गाव. अलिबागचा किनारा सरळ रेषेत मोजला तरी नव्वदेक किलोमीटर, आणि मध्ये आडवा सह्याद्री! ताईने दोन अटी घातल्या. "टाकी एकच येईल, खाली दुसरी-बिसरी काही नाही. आणि माझ्या स्वयंपाकघरातल्या मिठाला हात लावायचा नाही!"

ताईची दुसरी अट तर विज्ञानालाही मान्य आहे. समुद्रातल्या क्षारांच्या वजनात सोडियम आणि क्लोराइड यांचा वाटा सुमारे ८५ टक्के असतो. उरलेल्यात मॅग्नेशियम, सल्फेट, कॅल्शियम, पोटॅशियम अशी बरीच मंडळी असतात. स्वयंपाकाच्या मिठात ती नसतात. म्हणून माशांच्या दुकानातून 'सागरी मीठ' म्हणून मिळणारं खास मिश्रणच आणावं लागतं.

पण संपाशिवाय समुद्र टिकतो का? अहो, सुरुवात तशीच झाली होती! लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १८५३ साली लोकांसाठी मत्स्यालय उघडलं, तेव्हा विजेवर चालणारे पंप कुठे होते? आणि १९६१ साली जकार्तामधल्या ली चिन एंग यांनी आपली पद्धत एका मासिकात छापली. त्यांच्या टाकीत फक्त समुद्राचं पाणी, समुद्रातले जीवजिवाणूंनी भरलेले दगड आणि हवेचे बुडबुडे होते. बस्स!

मात्र एक गोष्ट लक्षात ठेवा. संप नसला तरी संपाची कामं उरतातच. ती कुणीतरी करायलाच हवीत. कुणी? अर्थात आपण!

पहिलं काम पाण्याचं. आमची टाकी दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि सव्वा फूट उंच. दगड-वाळू टाकल्यावर तिच्यात साधारण ६० लिटर पाणी मावतं. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. म्हणजे टाकीत झाले २१०० ग्रॅम. आता गंमत पाहा. वाफ होऊन उडतं ते फक्त पाणी, मीठ जागच्या जागीच राहतं! उन्हाळ्यात आमच्या टाकीतून रोज सुमारे अर्धा लिटर पाणी उडतं. दहा दिवस दुर्लक्ष केलं, तर ५५ लिटर पाण्यात तेच २१०० ग्रॅम. करा भागाकार. लिटरमागे ३८ ग्रॅम! माशाला हे सोसत नाही. संप असता, तर एकूण पाणी जास्त असतं आणि फरक हळूहळू पडला असता. आम्ही काय केलं? काचेवर पाण्याच्या पातळीला एक टिकली चिकटवली. पाणी टिकलीच्या खाली गेलं की तेवढंच आरओचं पाणी घालायचं. खारं नव्हे, गोडं! भाची हे काम रोज सकाळी दात घासल्यावर करते. खर्च? एका टिकलीचा.

दुसरं काम सफाईचं. माशाच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया तयार होतो. तो विषारी असतो. काही जिवाणू त्याचं नायट्राइट करतात. तेही विषारीच. मग दुसरे जिवाणू त्याचं नायट्रेट करतात. ते बरंच सौम्य असतं आणि आठवड्याला दहा टक्के पाणी बदललं की आटोक्यात राहतं. आमच्या टाकीला दर रविवारी ६ लिटर नवं खारं पाणी लागतं. त्याला मीठ लागतं जेमतेम सव्वादोनशे ग्रॅम, म्हणजे महिन्याला किलोच्या आसपास.

पण हे जिवाणू येतात कुठून? ली यांच्यासारखे समुद्रातले प्रवाळाचे दगड आपण आणायचे नाहीत. भारतात प्रवाळ आणि समुद्रघोडे यांना २००१ सालापासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत जागा मिळाली आहे. म्हणजे थेट वाघाच्या पंक्तीत! म्हणून आम्ही सिरॅमिकचे सच्छिद्र दगड घेतले. त्यांच्या बारीक भोकांत जिवाणू वस्ती करतात. मात्र वस्ती वसायला चार ते सहा आठवडे लागतात आणि तोवर मासा आणायचा नाही. आम्ही रिकाम्या टाकीत रोज चिमूटभर खाणं टाकत होतो! ते कुजून अमोनिया होतो आणि त्यावर जिवाणू वाढतात.

भाची वैतागली. "मामा, मैत्रिणी विचारतात, मासे कुठे आहेत? मी काय सांगू, दगडांना जेवायला घालतेय?"

मी म्हटलं, "हो, तसंच सांग!"

सहा आठवड्यांनी टेस्ट किटमध्ये अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य. मगच दुकानात गेलो. तिथे तिला निळीशार 'डोरी' दिसली आणि ती हटूनच बसली. हा मासा वाढून फूटभर लांब होतो. त्याला दोन फुटांच्या टाकीत ठेवणं म्हणजे तुम्हांला जन्मभर बाथरूममध्ये कोंडण्यासारखंच! रडारड झाली, पण डोरी आली नाही. आली ती क्लाउन माशांची एक छोटी जोडी, तीही टाकीत जन्मलेली. समुद्रातून पकडलेली नव्हे. केरळमध्ये विळिंजमला केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या केंद्रात या माशांची पैदास होते. तेव्हा दुकानदाराला "हे मासे पैदाशीचे आहेत का?" असं जरूर विचारा. आणि माहीत आहे का? क्लाउन मासे लहानपणी सगळे नरच असतात. जोडीतला मोठा मासा पुढे मादी होतो!

आता सर्वांत महत्त्वाचं. क्लाउन मासा नीट सांभाळला तर दहा वर्षांहून जास्त जगतो. भाची तेव्हा कॉलेजही संपवून बसलेली असेल! म्हणजे दहावीची परीक्षा असो, दिवाळीला गावी जायचं असो, टिकलीपर्यंत पाणी भरायलाच हवं. दुकानात माशावर लिहिलेल्या किमतीत ही दहा वर्षं धरलेली नसतात.

त्याची प्रचिती गेल्या जूनमध्ये आली. वादळी पाऊस झाला आणि संध्याकाळी गेलेली वीज पहाटेपर्यंत आली नाही. सोसायटीचा जनरेटर फक्त लिफ्टपुरता. फिल्टर बंद, पाणी स्तब्ध. खाऱ्या पाण्यात प्राणवायू मुळातच गोड्या पाण्यापेक्षा जवळजवळ पाचव्या हिश्शाने कमी विरघळतो. सेलवर चालणारा हवेचा पंप आम्ही आणून ठेवला होता, पण रात्री दोनला सेल संपले. मोठा मासा पृष्ठभागाशी येऊन भराभर कल्ले हलवू लागला. मग भाचीने स्वच्छ मग घेतला. टाकीतलं पाणी काढायचं आणि वीतभर उंचीवरून पुन्हा टाकीत सोडायचं. पाणी आपटलं की त्यात हवा मिसळते. आम्ही दोघांनी पाळ्या लावल्या. ताई उठून आली, काही बोलली नाही. तिसरी पाळी तिने घेतली. पाच वाजता वीज आली. फिल्टरचा स्पंज टाकीच्याच पाण्यात खळबळून घेतला (नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनने जिवाणू मरतात ना!) आणि मग फिल्टर सुरू केला. दोन्ही मासे वाचले.

पैसे वाचवायच्या जागा पुष्कळ आहेत. उन्हाळ्यात पाणी गार ठेवायला महागडं यंत्र नको, पाण्यावर वारा सोडणारा छोटा पंखा पुरतो. माठातलं पाणी गार होतं, तीच युक्ती! फक्त पाणी जास्त उडतं, तेव्हा टिकलीकडे लक्ष हवं. पण क्षार मोजायचा हायड्रोमीटर, टेस्ट किट, थंडीसाठी छोटा हीटर आणि सेलचा पंप यांत काटकसर नको. तिथे वाचवलेले पैसे माशाच्या जिवातून वजा होतात.

तुम्हांलाही असा समुद्र हवाय? मग आधी एक बिनखर्ची परीक्षा द्या. एका बादलीत पाणी भरा, आतून पेन्सिलीने पातळीची रेघ मारा आणि पंख्याखाली ठेवा. रोज सकाळी उडालेलं पाणी घालून पातळी रेघेवर आणा, दर रविवारी दहावा हिस्सा पाणी बदला (काढलेलं झाडांना घाला) आणि वहीत तारीख लिहा. सहा आठवडे! एक दिवस विसरलात, तर पुन्हा पहिल्या दिवसापासून. बादलीत मासा नाही, त्यामुळे कुणाच्या जिवावर बेतणार नाही. वही पूर्ण भरली, तर ती आईबाबांसमोर ठेवा आणि मगच टाकीचा विषय काढा!