कापलेली हिरवी वायर

त्याने ती वायर कापली याचा राग आता थोडा निवळलाय. पण कापल्यावर तिचं टोक टेप गुंडाळून प्लगच्या आत निगुतीने दडवलं होतं, ते मात्र अजून सलतं.

बाबांचा जुना अ‍ॅम्प्लिफायर, रेकॉर्डप्लेअर आणि दोन मोठे स्पीकर आईने पुण्याच्या घरात जपून ठेवलेत. तिला टीव्हीवरचं बोलणं नीट ऐकू येईना, म्हणून भावाने सेट-टॉप बॉक्स अ‍ॅम्प्लिफायरला जोडून दिला. लगेच स्पीकरमधून एकसारखी घुमणारी गुणगुण सुरू झाली. जवळचा एक दुरुस्तीवाला आला, थोडा वेळ बसला आणि गुणगुण बंद करून गेला. सगळे खूश.

पावसाळ्यात आई म्हणायला लागली, फरशी पुसून झाल्यावर अनवाणी उभं राहून बटण फिरवलं की हाताला मुंग्या येतात. घरी येणारा जो तो म्हणे, जुनं यंत्र आहे, चालायचंच. मला ते चालेना. इलेक्ट्रिशियनला बोलावलं. पुढच्या पत्र्याला टेस्टर लावल्याबरोबर दिवा लागला. टेस्टर जराशा गळतीनेही लागतो, म्हणून तो तेवढ्यावर थांबला नाही. अ‍ॅम्प्लिफायर बंद करून मेगरने तपासला तेव्हा कळलं की ट्रान्सफॉर्मरचं इन्सुलेशन बसलंय. मग त्याने प्लगचे स्क्रू काढले.

प्लग तीन पिनांचा होता. त्यातली अर्थिंगची पिन जाड आणि लांब असते. प्लग खोचताना ती सर्वांत आधी टेकावी आणि काढताना सर्वांत शेवटी सुटावी, म्हणून ती तशी घडवलेली असते. इतका विचार करून घडवलेल्या त्या पिनेला आत काहीच जोडलेलं नव्हतं, अर्थिंगची हिरवी वायर कापून टाकलेली होती. वायर दोनच पिनांचा प्लग लावून चालवली असती तर कुणाला तरी संशय आला असता. चौकोनात चौकोन अशी खूण असलेल्या दुहेरी इन्सुलेशनच्या उपकरणांना अर्थिंग लागत नाही, त्यांना दोन पिना चालतात. पण हा लोखंडी पत्र्याचा डबा होता, आणि बाहेरून तो शंभर टक्के सुरक्षित दिसत होता. माझी पंच्याहत्तरीची आई त्या दिसण्यावर विसंबून ओल्या फरशीवर उभी राहून त्याला हात लावत होती. करंटला जमिनीत जायला तिच्याखेरीज दुसरी भरवशाची वाट ठेवलेली नव्हती.

आणि हे सगळं कशासाठी, तर गुणगुणीसाठी! केबलच्या वायरीचं बाहेरचं जाळीदार आवरण इमारतीत दुसरीकडेच कुठेतरी अर्थ झालेलं असतं. अ‍ॅम्प्लिफायरचं अर्थिंग वेगळं. दोन्हींच्या विद्युतदाबात किंचित फरक असतो, तेवढ्यावर ऑडिओच्या वायरीतून 50 हर्ट्झचा बारीक प्रवाह फिरतो आणि तोच स्पीकरमधून ऐकू येतो. सेट-टॉप बॉक्समधून केबल उपसून पाहावी. गुणगुण थांबली तर दोष तिथेच. मग तोडायचं ते सिग्नलच्या वाटेवर, छोटा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घालून. मुख्य वायरीचं अर्थिंग कधीही नाही. रेकॉर्डप्लेअरची बारीक वायर मागच्या स्क्रूला बांधतात, तीही गुणगुणीसाठीच असते. तिला कुणी सुरक्षेचं अर्थिंग समजू नये.

मी दुरुस्तीवाल्याला फोन केला. तो म्हणाला, "ताई, आवाज बंद झाला ना? मंडपातसुद्धा असंच करतात." मी त्याला खूप बोलले. पुन्हा या दारात यायचं नाही, असंही सांगितलं.

एमसीबी आहे ना, मग भीती कसली, असं पुष्कळ जण म्हणतात. एमसीबी जादा भार आणि शॉर्टसर्किटपासून वायरिंगला वाचवतो. माणसाला वाचवायला 30 मिलिअँपियरचा आरसीसीबी लागतो, आणि जुन्या घरांत तो बहुधा नसतोच. आम्ही तो आधी बसवला. जाता जाता आणखी सांगते. अ‍ॅम्प्लिफायरवर विणलेला रुमाल घालू नका, त्याच्या झरोक्यांतून उष्णता बाहेर पडायची असते. फ्यूज उडाला तर तेवढ्याच क्षमतेचा घाला, तांब्याची तार नाही. आणि प्लग काढला म्हणून झाकण उघडून हात घालू नका, आतले कपॅसिटर भरलेले असू शकतात.

शेवटी त्याच माणसाला बोलावलं. मीच. बाबांचा अ‍ॅम्प्लिफायर त्याच्या हाताला सवयीचा होता, आणि खरं सांगायचं तर त्याने कापलेली वायर त्यानेच माझ्यादेखत जोडावी, असं मला वाटत होतं. ट्रान्सफॉर्मर त्याने रिवाइंड करून आणला, नवी तीन तारांची केबल घातली, पिनेपासून पत्र्यापर्यंत मीटर लावून मला आकडा दाखवला, जवळजवळ शून्य ओहम. काम चोख होतं. मी तपकीर गल्लीतून आणलेला आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर त्याने ऑडिओच्या वायरीत बसवला आणि टीव्ही लावला. गुणगुण नव्हती. डबी केवढ्याला पडली, कुठल्या दुकानात मिळते, हे त्याने दोनदा विचारून घेतलं. माझा राग तिथे उतरला होता.

मग मी विचारलं, आमच्यासारखं आणखी कुणाकुणाकडे केलंय? त्यांच्याकडे जाऊन जोडून याल का?

"ते आता कसं आठवणार, ताई?" म्हणत त्याने हत्यारांची पिशवी उचलली.