कहा-सुना माफ

हजचा महिना दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी अलीकडे सरकतो. चांद्र पंचांगाचं हे चक्र फिरत फिरत २०२४ साली ऐन उन्हाळ्यात आलं, आणि नेमका त्याच वर्षी अम्मीचा नंबर लागला. मेच्या शेवटी निघायचं, जुलैत परतायचं. चाळीसेक दिवस. बासष्ट वर्षांची बाई, दोन्ही गुडघे कुरकुरणारे, आणि सोबत घरचं कोणीही नाही.

अब्बा गेले त्याला सहा वर्षं झाली. काही वर्षांपूर्वीची गोष्ट असती तर अम्मीला मेहरम, म्हणजे नवरा, भाऊ किंवा मुलगा सोबत असल्याशिवाय अर्जच करता आला नसता. २०१८पासून भारतातून पंचेचाळीस वर्षांपुढच्या बायकांना गटाने जाता येऊ लागलं, २०२२मध्ये सौदी सरकारनेच ती अट काढली, आणि २०२३ साली देशभरातून चार हजारांहून जास्त बायका मेहरमशिवाय गेल्या. मोहल्ल्यात कुजबुज झालीच. एका काकांनी भावाला विचारलं, ‘‘अकेली कू भेज रै क्या?’’ त्यांना मी गुलबदन बेगमची गोष्ट सांगितली. बाबराची ही मुलगी १५७६ साली राजघराण्यातल्या बायकांचा काफिला घेऊन सुरतेहून जहाजात बसली आणि परत आली १५८२मध्ये. काका म्हणाले, त्या शहजाद्या होत्या. म्हणजे मुद्दा बाईच्या एकटेपणाचा नव्हता, ऐपतीचा होता, हे त्यांनीच कबूल करून टाकलं.

ऐपतीचं म्हणाल तर अब्बांच्या ग्रॅच्युइटीतले उरलेले पैसे आणि अम्मीच्या शिलाईचे. हजची विमानं तेव्हा चिकलठाण्याहूनही सुटत होती, घरापासून अर्ध्या तासावर विमानतळ. पण २०२३ साली आपल्या शहरातून जाणाऱ्याला मुंबईपेक्षा सुमारे ८८ हजार रुपये जास्त मोजावे लागले होते. अम्मीने तो आकडा ऐकून ठेवला होता. ‘‘अठ्याऐंशी हजार में मैं मुंबई तक पालखी में जाती,’’ म्हणाली, आणि अर्जात मुंबई भरायला लावलं.

नाना १९७४ला गेले होते, तेव्हाचा प्रवास अम्मीला अजून आठवतो. औरंगाबादहून मीटरगेजच्या छोट्या गाडीने मनमाड, तिथे गाडी बदलून मुंबई, मग मुसाफिरखान्यात मुक्काम आणि मुघल लाइनचं जहाज. जिद्द्याला पोहोचायलाच आठ-दहा दिवस. पेटीत कफन घेऊन गेले होते. जहाजांची ती वाट १९९५ला कायमची बंद झाली. एक गोष्ट मात्र तेव्हाचीच टिकून आहे. मक्केत निजामांच्या वक्फची ‘रुबात’ आहे, जुन्या हैदराबाद संस्थानातल्या यात्रेकरूंसाठी. संस्थान १९४८ला गेलं, पण त्याची हद्द तिथे अजून चालते. तेलंगणाबरोबर मराठवाड्याच्या आणि कर्नाटकातल्या बिदर-गुलबर्ग्याकडच्या माणसांची नावंही चिठ्ठ्यांत पडतात, नाव निघालं तर राहणं फुकट. अम्मीचं निघालं नाही. ‘‘निजाम बी अपने कू भूल गया,’’ इतकंच म्हणाली.

सामानाचं फार सांगत नाही. वीस-वीस किलोच्या दोन बॅगा आणि हातात सात किलो. एका बॅगेत निम्मी जागा ज्वारीच्या पिठाने, शेंगदाण्याच्या चटणीने आणि खारकांनी खाल्ली. खजुराच्या देशात खारका कशाला नेतेस, असं विचारलं तर उत्तर मिळालं नाही. दुआंची वही वेगळी. ज्याला कळलं तो येऊन नाव लिहून गेला. कोणाला नोकरी, कोणाला मूल, कोणाच्या घराचा खटला. शेजारच्या जोशीकाकूंनी जावयाची दारू सुटावी म्हणून सांगितलं आणि वर म्हणाल्या, ‘‘त्याचं नाव नीट घ्या हं, दोन भाऊ आहेत.’’ उर्दूतली नावं अम्मीने लिहिली, मराठीतली मी.

त्या मे महिन्यात जायकवाडीने तळ गाठला होता आणि आमच्याकडे नळाला आठव्या दिवशी पाणी येत होतं. अम्मीची जमजमबद्दलची उत्सुकता मला त्यामुळे जरा निराळी वाटायची. पाणी भरून ठेवणाऱ्या बाईला कधीही न आटणाऱ्या विहिरीबद्दल जे वाटेल, तसं काहीतरी.

आता मुख्य गोष्ट. हजला निघण्याआधी माणसाने हिशेब मिटवायचे असतात. कर्ज फेडायचं, ठेव परत करायची, ज्याला दुखावलं त्याची माफी मागायची. अल्लाहचे हक्क अल्लाह माफ करेल, माणसांचे हक्क ज्याच्या त्याच्या हातात. म्हणून आपल्याकडे हाजी दारोदार जाऊन म्हणतात, ‘‘कहा-सुना माफ करो.’’ समोरचाही ‘‘माफ, माफ, आप बी करो’’ म्हणतो, चहा होतो, इमामजामिन बांधला जातो. बहुतेक घरांत हे पाच मिनिटांचं काम असतं. अम्मीने सतरा घरं केली आणि अठरावं मागे ठेवलं.

अठरावं घर मामूंचं, कन्नड तालुक्यात. नानांची नऊ एकर जमीन होती. वारस दोनच, मामू आणि अम्मी. सूरह निसाच्या हिशेबाने मुलाला दोन भाग, मुलीला एक. म्हणजे अम्मीचे तीन एकर. १९९८ला नाना गेले आणि चाळिसाव्याच्या दुसऱ्या आठवड्यात तहसीलजवळ हक्कसोडपत्रावर अम्मीची सही झाली. कोणी दमदाटी केली नाही. फक्त सगळे म्हणाले की बहीण भावाकडे हिस्सा मागत नसते. माहेर तुटतं. मुलीचा वाटा अर्धा का, यावर आपली माणसं रात्ररात्र वाद घालतात. तो अर्धा तरी कोणाला मिळाला, हे विचारलं की सभा शांत होते. १९३७च्या शरियत कायद्यात शेतजमीन वगळलेली आहे. वाटा बुडवायची वेळ आली की ही एक बाब बरोबर सगळ्यांना पाठ असते. आणि भिडेपोटी सोडलेला हिस्सा खऱ्या अर्थाने सोडलेला नसतो, हे उलेमांनी कितीतरी वेळा लिहून ठेवलंय, ते कोणी वाचून दाखवत नाही.

मी अम्मीला म्हटलं, ज्याने तुझं घेतलं त्याच्याकडे तू माफी मागायला का जायचं? ती म्हणाली, ‘‘चल, एसटी निकल जाती.’’

मामूंनी छान आवभगत केली. मुमानीने कोंबडी शिजवली होती. जेवण झालं, पान झालं, आणि अम्मी सतरंजीवरून उठून मामूंसमोर जाऊन बसली. ‘‘भाईजान, कहा-सुना माफ करो.’’ मामूंचे डोळे भरले. ‘‘माफ, माफ. सब माफ. तू बी कर दे, आपा.’’ अम्मीने त्यांचा हात हातात घेतला. बोलली काहीच नाही. मुमानी पदराने डोळे पुसत होती आणि मी भिंतीवरचं कॅलेंडर बघत होते, कारण दुसरीकडे कुठे बघितलं असतं तर माझ्या तोंडून काहीतरी निघून गेलं असतं.

परतीच्या एसटीत मी धुमसत बसले. देवगाव रंगारी येईपर्यंत. मग न राहवून म्हटलं, झालं, आता तीन एकरही माफ.

‘‘मैं कहा-सुना बोली,’’ अम्मी म्हणाली. ‘‘जो बोले, जो सुने, वो माफ. जमीन का नाम लिया क्या मैंने? जमीन ना बोलती, ना सुनती.’’

मी तिच्याकडे बघतच राहिले. एवढी वर्षं तोंडात असलेला शब्द मी कधी सुटा करून पाहिला नव्हता.

निघायच्या आदल्या रात्री तिने वसीयत लिहिली. लिहून ठेवण्याजोगं काही ज्याच्याकडे आहे त्याने ते लिहिल्याशिवाय दोन रात्री काढू नयेत, अशी हदीस आहे. वहीचं एक पान. अमुक बाईचे शिलाईचे चारशे रुपये परत द्यायचे. बांगड्या मला, मशीन सुनेला. शेवटच्या ओळीत लिहिलं होतं: भाईजानकडे माझे तीन एकर आहेत, सही मी केली आहे, पण मला कोणी विचारलं नव्हतं. पाकिटात घालून तिने ते माझ्या कपाटात ठेवलं. भावाच्या नाही.

रात्रीच्या देवगिरीला स्टेशनवर पन्नासेक माणसं होती. हार, रडारड, मोबाइलवर शूटिंग. मामू कन्नडहून आले होते. मुमानीने दिलेला लाडूंचा डबा त्यांनी खिडकीतून आत दिला आणि गाडी हलेपर्यंत खिडकीचा गज धरून उभे राहिले. अम्मी त्यांना म्हणाली, ‘‘आने के बाद बात करेंगे, भाईजान.’’ ते मान हलवत राहिले. कशाबद्दल, ते त्यांनी विचारलं नाही.

सकाळी ती सीएसएमटीला उतरली, तिथून जवळच हज हाऊस, दोन दिवसांनी जिद्दा. मराठवाड्याची माणसं उन्हाला काय भितात, असं आम्ही तिला हसत सांगितलं होतं. मग अरफातचा दिवस आला, १५ जून. त्या आठवड्यात मक्केचा पारा ५१ अंशांच्या वर गेला. त्या हजमध्ये १,३००हून अधिक माणसं दगावली, त्यातली बरीचशी परवान्याशिवाय आलेली, म्हणजे डोक्यावर ना तंबू, ना गार हवा. आमच्या घरात दीड दिवस कोणी टीव्ही बंद केला नाही आणि कोणी नीट बघितलाही नाही. माझा हात दोनदा कपाटाच्या किल्लीकडे गेला आणि परत आला.

ईदच्या दिवशी दुपारी मिनाच्या तंबूतून फोन लागला. आवाज बसलेला. गटातल्या परभणीच्या बाईने डोक्यावर ओला दुपट्टा धरून चालवत आणलं म्हणे. ‘‘इधर का ऊन अपने सरीका नै,’’ म्हणाली. जोशीकाकूंच्या जावयाचं नाव नीट घेतलं, हेही सांगितलं. मग विचारलं, ‘‘मामू का फोन आया था क्या?’’

आला होता. दोनदा. पहिल्यांदा विचारलं, आपा बरी आहे ना. दुसऱ्यांदा विचारलं, परत कधी येणार.