विमानाची नोकरी आणि सात-बाराचा बोजा

आमच्या बारामतीच्या पट्ट्यात डोक्यावरून घरघरत जाणाऱ्या लहान विमानाचे आता कुणाला नवल वाटत नाही. इथल्या धावपट्टीवर मुले-मुली विमान चालवायला शिकतात. गोंदियाजवळ बिरसीलाही तसे विद्यालय आहे. उसाला पाणी देता देता मान वर केली की एखादे शिकाऊ पोर घिरट्या घालताना दिसते, आणि आपलेही पोर तिथे असावे असे बापाला वाटते. त्यात वावगे काही नाही. पण परवान्यासाठी दोनशे तासांचे उड्डाण लागते, पुढे मोठ्या विमानाचे शिक्षण वेगळे, आणि सगळा खर्च आज अर्ध्या कोटीच्या आगेमागे जातो. शेतकऱ्याच्या घरात एवढा पैसा जमिनीखेरीज कुठून येणार?

माझ्या बहिणीच्या घरी हे घडले. २००५-०६ च्या सुमारास देशात एकामागून एक नव्या विमान कंपन्या निघाल्या. वैमानिक मिळेनात. परदेशातून माणसे आणावी लागत होती. बहिणीने आणि दाजींनी बागेवर कर्ज काढले, सात-बारावर बोजा चढला आणि भाचा शिकायला गेला. २००८ च्या अखेरीस परवाना घेऊन परत आला, तेव्हा बाजार पार बसला होता. त्या वर्षी जुलैमध्ये खनिज तेलाचा भाव पिंपाला १४७ डॉलरवर गेला होता. पाठोपाठ अमेरिकेतल्या बँका कोसळल्या. देशात परवाना हातात घेऊन घरी बसलेली हजारो पोरे झाली. भाच्याला पहिली नोकरी लागली ती २०११ साली. मधल्या काळात हप्ते मात्र वेळच्या वेळी येत होते.

कांद्याचे गणित आपल्याला कुणी शिकवायला नको. भाव चढला की सगळे लावतात, माल निघतो तेव्हा भाव पडलेला असतो. वैमानिकाचेही तसेच, पण कांदा चार महिन्यांत हाती येतो आणि हे पीक तयार व्हायला दोन-तीन वर्षे घेते. शिवाय कांदा गेला तर पुढच्या हंगामात दुसरे काही लावता येते. विमान चालवणाऱ्याला सराव तुटून चालत नाही. उडायचे थांबले की पुन्हा तपासण्या आणि पुन्हा खर्च.

आता निवृत्तीच्या वयाची गोष्ट. ही मला भाच्याने समजावून सांगितली, आणि ऐकताना मला आपली एकत्र कुटुंबेच आठवत राहिली. अमेरिकेत १९५९ साली नियम झाला की साठ वर्षे पूर्ण झालेल्याने मोठ्या कंपनीचे प्रवासी विमान चालवायचे नाही. तिथे वैमानिकांची ज्येष्ठता-यादी असते. कोण कधी लागला, त्यावर त्याचा क्रमांक. कप्तानाची खुर्ची, मोठे विमान, सणाची सुटी, सगळे त्या क्रमांकावर ठरते. मंदी आली की यादीच्या तळापासून माणसे घरी जातात. आणि कंपनीच बुडाली तर वीस वर्षे उडवलेला कप्तानसुद्धा दुसऱ्या कंपनीत शेवटच्या क्रमांकावर, नवख्याच्या पगारावर रुजू होतो. १९९१ साली ईस्टर्न आणि पॅन ॲम या दोन जुन्या कंपन्या बंद पडल्या, तेव्हा कित्येकांवर ही पाळी आली.

यादीत वर सरकायचे तर वरचा निवृत्त व्हावा लागतो. २००७ च्या डिसेंबरात तिथे कायदा होऊन वय पासष्ट झाले. वरच्यांना पाच वर्षे जास्त मिळाली आणि खालच्यांची वाट पाच वर्षे अडली, तीही नेमकी मंदीच्या तोंडावर. म्हाताऱ्याने तिजोरीची किल्ली आणखी पाच वर्षे कनवटीलाच ठेवावी आणि चाळिशीतल्या लेकाने बी-बियाण्याला पैसे मागत राहावे, तसे झाले. पण म्हाताऱ्यांना तरी कसा दोष द्यावा? २००१ च्या सप्टेंबरातील हल्ल्यानंतर तिथल्या कंपन्या दिवाळखोरीत गेल्या, पगार कापले गेले आणि पेन्शन बुडाली. २००९ च्या जानेवारीत ज्या सली सलेनबर्गर यांनी बंद पडलेले विमान हडसन नदीवर उतरवून १५५ जीव वाचवले, त्यांनी पुढच्याच महिन्यात तिथल्या लोकप्रतिनिधींपुढे सांगितले की आपला पगार चाळीस टक्के कापला गेला आणि पेन्शनही गेली. अशा माणसाला साठीला घरी बसून कसे परवडेल?

आपल्याकडेही वयाची मर्यादा पासष्ट आहे. साठीनंतर दर सहा महिन्यांनी वैद्यकीय तपासणी असते. २०१२ साली किंगफिशर बंद पडली, २०१९ च्या एप्रिलमध्ये जेट एअरवेज. मग २०२० साली कोरोना आला. २५ मार्चपासून दोन महिने देशातली प्रवासी विमाने जमिनीवर होती. एअर इंडियाने निवृत्तीनंतर कराराने घेतलेल्या वैमानिकांचे करार त्याच एप्रिलमध्ये थांबवले. भाच्याच्या कंपनीने त्याला बिनपगारी रजेवर पाठवले. तेव्हा तो गावी येऊन डाळिंबाची छाटणी करत होता. हात बरा चालतो त्याचा. अमेरिकेत त्याच वर्षी हजारो वैमानिकांना मुदतीआधी निवृत्ती देऊन वाटेला लावले आणि २०२२ साली माणसे कमी पडली म्हणून उड्डाणे रद्द करावी लागली. कांदा फेकून द्यायचा आणि दोन महिन्यांनी चढ्या भावाने विकत आणायचा, यातलाच प्रकार! २०२४ साली तिथे वय सदुसष्ट करण्याची मागणी झाली, पण ते पासष्टच राहिले.

ज्यांच्या घरी हा विचार चालू असेल, त्यांनी मुलाचा किंवा मुलीचा हात धरून मागे ओढावा असे मी म्हणणार नाही. आपल्या देशात मुली या कामात बऱ्याच पुढे आहेत. पण आधी वैद्यकीय तपासणी करून घ्यावी, फी नंतर भरावी. डोळे किंवा हृदय यात दोष निघाला तर परवाना मिळत नाही आणि भरलेले पैसे परत मिळतीलच असे नाही. सगळी जमीन तारण ठेवू नये. परवाना मिळाल्यावर निदान दोन-तीन वर्षे पगार नाही असे धरूनच हप्त्याचा हिशेब करावा. पदवीचे शिक्षणही जोडीला चालू ठेवावे. भाच्याने ते ठेवले होते, म्हणून नोकरी नव्हती त्या वर्षांत शिकवण्या घेऊन त्याने निम्मे हप्ते भरले. उरलेले बागेने भरले. बहिणीच्या सात-बारावरचा बोजा उतरला तो २०२३ साली, भाचा कप्तान झाल्यानंतर पुढच्या वर्षी.